आगाऊ मागणी

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचा संसार मांडला तो नागपुरात. पुढे बिऱ्हाड पुण्याला हललं, डॉक्टर वर्गणीदार शोधत गावोगाव फिरले, आणि 23 खंड पुरे झाले. एवढं पाहिल्यावर शहाण्या माणसाने किराणा दुकान टाकलं असतं. यांनी खंडांची ओढाताण चालू असतानाच, 1926 साली, ‘गोंडवनांतील प्रियंवदा’ ही कादंबरीही काढली!

परंपरा शाबूत आहे. नागपुरातल्याच धरमपेठेतल्या एका कवीचा पहिला संग्रह दिवाणात गाद्यांखाली आहे, दुसरा छापखान्यात. परवा बायकोने रद्दीवाला बोलावला. सुतळी न सुटलेले गठ्ठे काट्यावर चढवत त्याने विचारलं, “अजून निघन का जी असा माल?”

पुढच्या पुस्तकाची इतक्या आपुलकीने चौकशी करणारा हा पहिलाच.