बाबांची पँट कॅलगरीत

ती. आई-बाबा, सा. न.

वरण कुकरला लावलंय, तेवढ्यात लिहिते.

पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, तो तुमच्या जावयाने दह्यात कालवून संपवला. आई, मी थंडीत उघड्या पायांनी हिंडते असं तू मंदाआत्याला सांगितलंस म्हणे! अगं, ते कातडीच्या रंगाचं थर्मल होतं. व्हिडिओवर पाय दिसले म्हणून लगेच सांगलीभर?

बाबा, तुमची बॉटल ग्रीन कॉर्डरॉय मी इथे घालते! आई जी दरवर्षी बोहारणीला द्यायला निघायची, तसली पँट इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत भाव खाते. उभ्या रेघांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब राहते. आत लोकरीचं थर्मल घालते (सुती नाही, ते घामाने ओलं झालं की अंगालाच गार लागतं), वर क्रीम रंगाचा जाड स्वेटर. पँटचे पाय मात्र बुटाच्या वर दुमडायचे. रस्त्यावर मीठ टाकतात, ते बर्फाच्या चिखलातून चढून पँटला पांढऱ्या रेघा मारतं.

कंबर आवळून उंची कमी करायचे इथल्या टेलरने किती सांगितले असतील? चाळीस डॉलर! वर पाच टक्के जीएसटी, तो इथेही आहेच. आणि पँट मिळणार तीन आठवड्यांनी, म्हणजे तोवर मी काय धोतर नेसू? आपल्या कोपऱ्यावरच्या टेलरने तेवढ्यात अख्ख्या आळीच्या पँटी करून दिल्या असत्या, वर चहा पाजला असता. मग आजीसारखी तुरपाई घातली घरीच. कंबरेला पट्टा आहे.

इतकं नटून निघावं, तर रॉकीजवरून चिनूक वारा सुटतो. सकाळी उणे अठरा, दुपारी अधिक सात. आतलं थर्मल काढायचं कुठे, सांगा!

परवा बसस्टॉपवर त्या पँटच्या खिशात हात घातला, तर बोटांना डांबरगोळीचा वास लागला. आपलं लोखंडी कपाट, त्याचं कुरकुरणारं दार, सगळं समोर. बस आली तशी गेली. पुढची येईपर्यंत उणे सोळात नाक पुसत उभी होते.

आई, बाबांची दुसरी, तपकिरी पँटही बोहारणीला देऊ नकोस. भांडी हवीच असतील तर माझा शालू दे. आणि सुमीचं ठरलं ते कळलं, पण मुलाला खरंच टक्कल आहे का? बाबांसमोर नको, दुपारी ते झोपले की फोन कर. इथे मध्यरात्र असेल, चालेल.

तुमची,
बेबी