सायलेन्सरवाले भाऊ

तळेगाव दाभाड्यात निवृत्त इंजिनिअर शोधावा लागत नाही. तळ्याकाठी सकाळी फिरायला गेलं की तोच आपल्याला गाठतो. त्यातलेच आमचे भाऊ. चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात हयात सायलेन्सर बनवण्यात गेली. प्रेस शॉपने कान निम्मे नेले, त्यामुळे जगाला गप्प करायचं काम भाऊ ओरडून करतात.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हे मोजायला त्यांच्या मोबाइलवर मीटर आहे. "बघा, फक्त ५२!" असं भाऊ म्हणतात आणि आकडा ७८ वर जातो. फटफटणारी बुलेट गेली की, "आतली जाळी काढलीय लेकाने!" पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचा फोटो पेपरात आला, की सगळी सोसायटी टाळ्या वाजवते, भाऊ एकटे हळहळतात, "अहो, चांगलं स्टेनलेस होतं ते!" वहिनींचं म्हणणं एवढंच, की आधी घरातल्या घोरण्याला काहीतरी बसवा.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीची सहल मुरुडला गेली. राजपुरीच्या खाडीत एक मासेमारीची बोट धडधडत आली आणि भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. उघडा पाइप! नाखवा दोर बांधतोय तोवर भाऊंनी वाळूत काडीने आकृती काढली.

"हे बघा नाखवा, इंजिन गार करून आलेलं समुद्राचं पाणी एक्झॉस्टच्या बेंडमध्येच सोडायचं. गॅस थंड होतो, आकसतो, आवाज तिथेच पडतो. पुढे वॉटरलॉकचा डबा. त्यातून रबरी होज आधी वर उचलायचा, मगच बाहेर काढायचा. नाहीतर लाट उलटी सिलिंडरात शिरेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. पाइप बारीक मात्र घ्यायचा नाही. बॅक प्रेशर वाढलं की इंजिन काळा धूर ओकतं. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो!"

यातलं अक्षरही खोटं नाही. परदेशी यॉटवर असंच असतं.

नाखव्याने शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाला, "काका, आवाज गेला तर इंजिन बिघडलंय ते मला रात्री कळणार कसं? मी झोपेत पण त्याच्याकडेच कान ठेवून असतो."

भाऊंनी मान डोलावली. बहुधा त्यांना ऐकूच गेलं नसावं, कारण पुढची दहा मिनिटं त्यांनी तीच आकृती पुन्हा समजावली.

दुसऱ्या दिवशी जंजिऱ्याला जायला शिडाची होडी मिळाली. इंजिन नाही, धूर नाही, नुसता वारा. सगळे सुखावले. भाऊंची मात्र चुळबुळ. त्यांनी मोबाइल काढला, मीटर पाहिलं, परत खिशात टाकला. किल्ल्याचे बुरूज जवळ आले, गाइडने सिद्दीची गोष्ट सुरू केली, तेवढ्यात भाऊ गरजले, "थांबा! वरची कप्पी करकरतेय. ग्रीस मागतेय ती!" खलाशाने वर पाहिलं. कप्पी खरंच कोरडी होती.

तुमच्या गाडीचा आवाज बदलला असेल तर गॅरेजला जाण्याआधी भाऊंकडे न्या. निदान चुकत नाही आणि ते पैसेही घेत नाहीत. फक्त ऐकून घ्यावं लागतं, तेही दोन हात लांबून.