वर चढणारा सोडून सगळे पात्र

मे महिना लागला की मुंबई-पुण्यात झाडांची हजामत सुरू होते. पावसात फांदी पडून माणूस दगावला तर पेपरात फोटो येतो, म्हणून पावसाआधीच झाड निम्मं करून ठेवायचं, अशी ही दूरदृष्टी. या कामाला पात्र कोण, यावर मात्र आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. खोटं वाटत असेल तर छाटणीची निविदा वाचा. पॅन कार्ड हवं, जीएसटी नोंदणी हवी, मागच्या वर्षांची उलाढाल हवी, बयाणा रक्कम हवी, काळ्या यादीत नाव नसल्याचं प्रतिज्ञापत्र हवं आणि 'तत्सम कामाचा अनुभव' हवा. गटारावर झाकणं बसवणं हे तत्सम काम आहे की नाही, ते ज्याच्या त्याच्या ओळखीवर ठरतं.

एवढ्या चाळणीतून ठेकेदार पार पडला की तो काम पोटठेकेदाराला देतो, पोटठेकेदार मुकादमाला सांगतो, मुकादम नाक्यावरून एक पोरगा उचलतो आणि तो पोरगा चपला काढून झाडावर चढतो. त्याच्या कमरेला कोयता असतो, आणि छातीभोवतीची दोरी कालपर्यंत टेम्पोतल्या मालाभोवती असते. साऱ्या साखळीत झाडाला हात लावणारा तेवढा हा एकच, आणि पात्रतेच्या कागदांत ज्याचं नाव कुठेच नाही असाही तो एकच.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष आंतरराष्ट्रीय. या पक्षाच्या पुढाऱ्याची मुलगी न्यू जर्सीत असते आणि तिच्या अंगणातला मेपल छाटायला आलेला माणूस हेल्मेट घालून आला होता, हे सभेला दरवर्षी सांगितलं जातं. "तिकडे आर्बोरिस्ट असतात, साहेब. सर्टिफाइड!"

असतात, हे खरं. 1924 साली स्थापन झालेली 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' ही संस्था त्यांची परीक्षा घेते. बसायचं तर तीन वर्षांचं काम पाठीशी हवं किंवा शिक्षण आणि काम यांची बेरीज दाखवायला हवी. प्रश्न 200, उत्तरं पर्यायांतून निवडायची. पास झालं तरी दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण. सभेला जे सांगितलं जात नाही ते असं, की या परीक्षेत झाडावर चढावं लागत नाही. चढणाऱ्यांची परीक्षा निराळी, तिथे दोरी बांधून वर जाऊन दाखवावं लागतं. म्हणजे सांगणारा वेगळा आणि चढणारा वेगळा, हा भेद तिकडेही आहेच. फक्त तिकडे परीक्षा दोघांचीही होते.

ब्रिटनमध्ये झाडकामासाठी बीएस 3998 नावाचं मानक आहे, 2010 सालची आवृत्ती. त्याच्या शीर्षकातच 'शिफारशी' असा शब्द आहे, त्यामुळे ते वाचून आपल्या मंडळींना घरच्यासारखं वाटेल. पण चढायची दोरी आणि पट्टे दर 6 महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यायचे, ही तिथे कायद्याची सक्ती आहे. एक माणूस वर गेला की त्याला सुखरूप खाली आणण्याचं शिक्षण घेतलेला दुसरा माणूस जागेवर हजर लागतो. आपल्याकडेही दुसरा माणूस असतो. तो रस्त्यात उभा राहून "ओ ताई, गाडी काढा" असं ओरडतो.

दुसरा पक्ष स्वदेशी. "कसलं सर्टिफिकेट घेऊन बसलात? आमचा मामा लहानपणापासून चढतोय." मामा खरोखरच चढतो. शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या फांदीवर भरवसा टाकायचा नाही, आंब्यावर पाऊल ठेवण्याआधी ओंबील मुंग्या बघायच्या, सकाळच्या दवात चढायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. पण मामाला विचारा, "मामा, फांदी नेमकी कुठे कापायची?" मामा म्हणतो, "कोयता बसेल तिथं."

इथे घोटाळा आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगवटा असतो. काप त्याच्या लगत, पण बाहेरून घ्यायचा. फुगवटाच उडवला तर जखम बंद करायची झाडाची सोय गेली. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज खोडात उतरते. जड फांदी एका दमात पाडायची नसते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. राहिलेला खुंट शेवटी फुगवट्याशी उतरवायचा. तीन काप, आणि कोयत्याऐवजी करवत. एका दुपारी शिकता येईल अशी ही विद्या. ती ठेकेदाराला ठाऊक असायची गरज नाही, कारण त्याच्याकडे उलाढालीचा दाखला आहे.

काप झाला की त्यावर गेरू किंवा डांबर फासायचं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत असतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं, की झाड जखम माणसासारखी भरून काढत नाही, आतून भिंती घालून ती कोंडून टाकतं. लेप फासल्याने कूज थांबत नाही. गेरूने एकच गोष्ट होते, बिलात एक ओळ वाढते.

मामाची खरी कीर्ती मात्र 'बोडकं' करण्यात आहे. शेंडा उडवला, सगळ्या फांद्या मनगटाएवढ्या जाडीवर तोडल्या, की सेक्रेटरी खूश. "आता दोन-तीन वर्षं बघायला नको." झाड घाबरून खुंटाखुंटावर फुटव्यांचे झुबके काढतं. हे फुटवे वाढतात झपाट्याने, पण त्यांचा जोड सालीलगतच असतो, आतल्या लाकडात रुजलेला नसतो. दोन-तीन वर्षांनी ते जड होतात आणि वाऱ्याने मोडतात. मग झाड धोकादायक ठरतं आणि मामाला पुन्हा बोलावणं जातं. झाडासारखी धंद्याला साथ देणं आंतरराष्ट्रीय पक्षालाही जमलेलं नाही.

कोकणातल्या नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची गोष्ट वेगळी. माड हे त्याचं घर. पण माडाच्या खोडाला पडलेली खाच जन्मात भरून येत नाही आणि वडाचा काप नीट घेतला तर वरून साल चढते. माडावरचा उस्ताद वडावर नवशिका असतो. अनुभवाच्या दाखल्यावर कुठल्या झाडाचा अनुभव ते लिहायला रकाना नसतो.

कायदा काय करतो? आपल्याकडे नागरी भागातल्या झाडांचं संरक्षण आणि जतन करणारा 1975 चा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलेलं आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष केलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावायची असं ठरवलं. मुंबईत प्राधिकरणावर तज्ज्ञ नाहीत म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. परवानगी देणाऱ्याची पात्रता न्यायालयात तपासून झाली. कापणाऱ्याची तपासायला कोणी गेलं नाही. साठ वर्षांच्या वडाला परवानगीशिवाय हात लावला तर गुन्हा. परवानगी घेऊन कोयत्याने ठार केला तर छाटणी.

चढणाऱ्याला शिकवणं आपल्या देशात जमतच नाही म्हणावं, तर नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये केरळात माडावर चढणाऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. 6 दिवसांचं प्रशिक्षण, चढायचं यंत्र, विमा. शिकून निघालेला माणूस माडावर चढून दाखवू शकतो, उलाढालीचा दाखला दाखवू शकत नाही. आपल्या निविदेत तो पहिल्याच फेरीत बाद होईल.

म्हणून एक नम्र सूचना. निविदेची पाकिटं उघडण्याआधी प्रत्येक ठेकेदाराने आपला चढणारा माणूस घेऊन बागेत यावं. त्याने सगळ्यांसमोर एक फांदी उतरवावी. साल सोलली तर ठेकेदार बाद. काप नीट आला तर काम त्याला, पण त्या माणसाचं नाव करारात, त्याचा विमा ठेकेदाराच्या खर्चाने आणि दोरी नवी. मानकं इंग्रजीत राहिली तरी चालतील, परीक्षा झाडावर झाली म्हणजे पुरे.

हे होईपर्यंत सोसायटीच्या सभासदांनी एवढंच करावं. छाटणीचं बिल समोर आलं की गच्चीवर जाऊन कापलेल्या जागा बघाव्यात. खुंट लोंबत असतील, साल फाटलेली असेल किंवा शेंडाच गायब असेल, तर चेकवर सही करू नये.