गिट्टीमाहात्म्य

आमच्या गावापासून सेलूच्या पक्क्या सडकेपर्यंत जो सव्वा कोसाचा रस्ता आहे, त्यावर गिट्टी अंथरली गेली त्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचे लग्न ठरत होते, आणि यंदा तिचा मुलगा दहावीस बसावयाचा आहे. डांबर मात्र अद्याप यावयाचेच आहे. मधल्या काळात केलेल्या अर्जांच्या नकला मी ट्रंकेत जपून ठेवल्या असून, ‘कार्यवाही चालू आहे’ हा शेरा इतक्या निरनिराळ्या हस्ताक्षरांत वाचला आहे, की अक्षरावरून मला कारकुनाची बदली ओळखता येते.

अशा स्थितीत गेल्या पौषात माझा पुण्याचा भाचा मोटारीच्या पाठीवर एक सायकल बांधून आला, आणि खाली उतरताच त्या रस्त्याकडे असा पाहू लागला, जसा चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचलेला वारकरी कळसाकडे पाहतो. “मामा,” तो सद्गदित होऊन म्हणाला, “अशी ग्रॅव्हल आमच्याकडे शोधूनही सापडत नाही!”

ग्रॅव्हल हे गिट्टी, मुरूम आणि पांधण या त्रयीचे विलायती नाव होय, हे मला तेव्हा कळले. सायकलीचे हॅण्डल एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले, टायर चाळीस मिलिमीटर रुंद व खाचांचे, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही, आणि किंमत ऐकून माझ्या मनात प्रथम बैलजोडीचाच हिशेब आला. ट्यूब तर मुळातच नव्हती. तिच्याऐवजी टायरात दुधासारखा एक द्रव होता, जो काटा रुतताच छिद्राकडे धावून तेथेच गोठतो. आमच्या पंक्चरवाल्याने हे ऐकले आणि घमेल्यातल्या पाण्याकडे एकदा पाहून तो नुसताच गप्प बसला.

भाच्याने सांगितले, की अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात एम्पोरिया गावी २००६ सालापासून अशा रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. तेथील चकमकीचा दगड टायर चाकूसारखा चिरतो, तरी तीत शिरण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. २०२२ साली तर इटलीत या प्रकाराची जागतिक अजिंक्यपदस्पर्धाही सुरू झाली. मोटारींच्या धाकाने माणसे डांबर सोडून आडवाटेस लागली, हे भाच्याने सांगितलेले कारण मला पटले; आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला खरा, पण त्यावर सायकलीस मज्जावच आहे. तथापि आमच्याच जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास गेले, आणि १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार टांग्यातून त्यांच्या भेटीस आला, तो गांधींसाठी आला होता, वाटेसाठी नव्हे, एवढे मी नम्रपणे सुचविले.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा हिंगणीवरून बोर धरणाकडे निघाला. बाभळीच्या काट्यांस त्या दुधाने खरोखरच दाद दिली नाही. परंतु आदल्या रात्रीच्या अवकाळी सरीचा त्याने हिशेब धरला नव्हता, आणि कपाशीच्या काळ्या मातीला चाकांची रुंदी कळत नाही. दुपारी तो परतला तेव्हा दोन्ही चाके गच्च बसलेली ती सायकल त्याच्या खांद्यावर होती. बांधावरच्या एका शेतकऱ्याने केवळ कुतूहलापोटी विचारले, “काहून भाऊ, तुमी सायकलवर का सायकल तुमच्यावर?”

भाच्याचा उत्साह मात्र तसूभरही कमी झाला नाही. जाताना त्याने माझ्याकडून वचन घेतले, की हा रस्ता डांबरी करू नये असा अर्ज मी करावा. सतरा वर्षांच्या सरावाने लेखणी सहज वळली. खोटे कशाला बोलू, त्यात भाच्याच्या प्रेमाइतकाच थोडा सूडही होता. नवव्या दिवशी उत्तर आले, तेही टंकलिखित: अर्जदाराची विनंती मान्य करण्यात येत असून, सदर रस्ता आहे त्याच स्थितीत कायम ठेवणेबाबत संबंधितांस तातडीने कळविण्यात आले आहे.