आडवी दांडी, उभी पंचाईत

लहानपणी घरात माझ्याकडे एकच जबाबदारीचं पद होतं : कौलांवर चढून टीव्हीची अँटेना फिरवणं. पुण्यातल्या आमच्या वाड्यात सिंहगडावरून दूरदर्शन यायचं. मी वरून ओरडायचो, "आलं का?" खालून उत्तर यायचं, "मुंग्या आहेत अजून!" थोडं फिरवलं की, "आलं, आलं... गेलं!" दहा वर्षं हे केल्यावर अँटेना या विषयात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा पक्का समज झाला.

म्हणूनच परवा हिने, "अहो, बेडरूममध्ये वायफाय येत नाहीये, अकराला माझी मीटिंग आहे," असं सांगितलं, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. हॉलमधल्या राउटरला दोन दांड्या होत्या. त्या मी तोफेसारख्या थेट बेडरूमवर रोखल्या. बेडरूममध्ये दोन काड्या दिसत होत्या, त्यांची एक झाली.

थोड्या वेळाने लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा मुलगा भेटला. "काका, तुमचं वायफाय आमच्याकडे आज फुल्ल दिसतंय. पासवर्ड काय आहे?"

मग मी वाचायला बसलो (मोबाइलच्या डेटावर). राउटरच्या दांडीभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात. दांडी भोकात, वडा सभोवती, आणि टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मी बेडरूमच्या वाट्याला नेमकं भोक दिलं होतं आणि उभा राहिलेला वडा वरच्या मजल्याला पोचता केला होता. लहानपणी सिंहगडाकडे रोखलेला असायचा तो अँटेनाचा मधला दांडा. लहरी पकडणाऱ्या काड्या त्याला आडव्या असायच्या. एवढी वर्षं कौलं फोडूनही हा फरक माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

पुढच्या पानावर ध्रुवीकरण भेटलं. दांडी उभी असेल तर लहर उभी डोलते, आडवी असेल तर आडवी. पत्रपेटीची फट उभी असताना पाकीट आडवं धरलं तर आत जात नाही, तसंच हे. मोकळ्या मैदानात उभी लहर आणि आडवी अँटेना अशी गाठ पडली, तर २० डेसिबलचा, म्हणजे शंभरावा हिस्सा उरण्याइतका फटका सहज बसतो. दूरदर्शनच्या लहरी आडव्या, म्हणून त्या काड्या आडव्या!

आता माझ्या अंगात शास्त्रज्ञ संचारला. एक दांडी उभी केली, एक आडवी. लॅपटॉप कुशीवर ठेवला. तरी जमेना, तेव्हा हिला म्हणालो, "तू जरा आडवी होऊन बोलतेस का?"

"मीटिंग आहे, डुलकी नाही," ती म्हणाली.

तिला विषयाचं गांभीर्य कळावं म्हणून मी जगदीशचंद्र बोसांचं उदाहरण दिलं. ध्रुवीकरणावरचा त्यांचा निबंध १८९५चा. एका प्रयोगात तर त्यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून लहरी गाळायची चाळणी केली होती. यावर ती म्हणाली, "त्यांच्याजवळ निदान वेळापत्रक तरी होतं. इथे अकरा वाजून दहा मिनिटं झालीत."

शेवटी मुलगी उठली. राउटर होता लोखंडी कपाटाच्या मागे. वायर दिसू नये म्हणून मीच तो तिथे खुपसला होता. तिने तो काढून पुस्तकांच्या फळीवर ठेवला, दोन्ही दांड्या उभ्या केल्या आणि कानात हेडफोन घालून निघून गेली. बेडरूममध्ये चार काड्या आल्या. माझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मी सवयीने हॉलमधून ओरडलो, "आलं का?" आतून चौदा सहकाऱ्यांसकट ही म्हणाली, "हो, आलं! आता हात लावू नका!"

नंतर कळलं ते असं : घरात लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून इतक्या उलटसुलट होतात की उभं-आडवं हा भेद बराचसा आपोआप मिटतो. मिटत नाही ते लोखंडी कपाट. तेव्हा वाचकहो, राउटर उघड्यावर, उंचावर आणि घराच्या मध्यावर ठेवा, दांड्या उभ्या करा. आणि घरात कोणी लहानपणी कौलांवर चढलेला असेल, तर त्याला त्या खोलीत जाऊ देऊ नका.