गेटापर्यंतच

आमच्या दुकानाचं करखात्यापुढचं रूप कोणतं असावं, हा प्रश्न आम्हाला न्यू जर्सीहून आला. मधल्या भावाचा मुलगा तिकडे मसाल्यांचं लहानसं दुकान चालवतो. रविवारी सकाळी त्याचा फोन आला, म्हणजे त्याच्याकडे शनिवारची रात्र. म्हणाला, "मोठे काका, मी एस कॉर्प घेतलं!"

दादाला वाटलं, गाडी घेतली. "वा! स्कॉर्पिओ? ॲव्हरेज किती देते?"

झाशीत ओरछा गेटाजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. घरात मराठी, गल्ल्यावर हिंदी, आणि गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं तर बुंदेली, असा आमचा कारभार. मराठ्यांच्या अमदानीत जी मराठी घरं इथं आली आणि नंतर कुठं जायचं ते न सुचून इथंच राहिली, त्यातलं आमचं एक. दुकानाचा मालक दादा. मी कॉलेजात शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे इंग्रजी कागद वाचणं हे माझं खातं.

पुतण्यानं पाऊण तास समजावलं. हा एस म्हणजे स्मॉल नव्हे, तिकडच्या करकायद्यातलं सबचॅप्टर एस, १९५८ सालचं. २५५३ नंबरचा फॉर्म सगळ्या भागधारकांच्या सह्यांनिशी भरला की कंपनी स्वतः आयकर सहसा भरत नाही, नफा थेट मालकांच्या वैयक्तिक विवरणपत्रात उतरतो. मात्र मालक दुकानात राबत असेल तर त्यानं आधी स्वतःला 'वाजवी पगार' द्यायचा. त्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची वर्गणी पडते, पगारापलीकडच्या नफ्यावर पडत नाही. सगळं लोणी त्या फटीत.

"वाजवी पगार?" वहिनीनं स्वयंपाकघरातूनच विचारलं. "मागची तारीख टाकून मिळतो का?" दादानं फोनचा स्पीकर बंद केला.

मला स्वतःला आवडला तो भागधारकांचा नियम. भागधारक फार तर शंभर असावेत, पण एका कुटुंबातले सगळे मिळून एकच धरायचे, आणि कुटुंब म्हणजे समाईक पूर्वजापासून सहा पिढ्यांपर्यंत! अमेरिकेनं आम्हाला व्यक्तिस्वातंत्र्य शिकवावं आणि गुपचूप फॉर्ममध्ये एकत्र कुटुंब ठेवावं, याची मौज वाटली. दादा बोटं मोजत म्हणाला, "सहा पिढ्या म्हणजे आपण गंगाधरराव महाराजांच्या आसपास पोचतो." पण लगेच पुढचं कलम आलं. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेला परका माणूस भागधारक होऊ शकत नाही. म्हणजे पूर्वज चालतात, आजी चालत नाही. आई शांतपणे म्हणाली, "नाव पत्रिकेत छापायचं, पण पंगतीला बोलवायचं नाही. असल्या घरी मी जेवतही नाही."

तरी किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मार्चचा शेवटचा आठवडा होता. दादा आणि मी वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि पहिल्याच घोटाला सांगितलं की, तुमचा पुतण्या फॉर्म भरून जे मिळवतो ते तुमच्या दुकानाला जन्मतःच आहे. एकट्या मालकाचं दुकान कायद्यापुढं वेगळं नसतंच, नफा तुमचाच, विवरणपत्र तुमचंच. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. भागीदारी किंवा एलएलपी केलीत तर पहिल्या रुपयापासून ३० टक्के. कंपनी केलीत तर २२ टक्क्यांचा पर्याय आहे, वर अधिभार, वर ऑडिट. "मात्र प्रतिष्ठा वाढते," ते म्हणाले. "२०१३ च्या कायद्यानं एकट्या माणसाचीही कंपनी निघते. फक्त तुमच्यामागं कोण, त्या वारसाचं नाव आधी द्यावं लागतं."

प्रतिष्ठा म्हटल्यावर दादा विरघळतो. घरी येऊन त्यानं आईपुढं विषय काढला. आई सत्याऐंशीची आहे. तिनं जपमाळ बाजूला ठेवली.

"कंपनी? झाशीत? आणि तीही ओरछा गेटाशी?"

इथं परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. १८५८ च्या वेढ्यात दुल्हाजू नावाच्या माणसानं हाच दरवाजा आतून उघडून ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य शहरात घेतलं, असं झाशीत लहान पोरही सांगतं. इतिहासकार यावर काय म्हणतात ते आईला विचारायची सोय नाही. तिच्या लेखी ते प्रकरण अजून न्यायप्रविष्ट आहे.

"अगं, ही ती कंपनी नव्हे," दादा म्हणाला. "फक्त वारसाचं नाव द्यायचं."

"१८५३ साली गंगाधररावांनीही दिलं होतं," आई म्हणाली आणि जपमाळ पुन्हा उचलली.

कंपनी तिथं संपली.

उरलं एवढंच: दुकान आहे तसं ठेवून कर भरण्याचा सोपा मार्ग शोधणं. आयकरात अंदाजी नफ्याची सोय आहे, वकिलांच्या तोंडी चव्वेचाळीस एडी. उलाढाल दोन कोटींच्या आत असली तर रोखीच्या विक्रीवर आठ टक्के आणि फोनवरून आलेल्या पैशांवर सहा टक्के नफा झाला असं धरायचं, वह्या-खतावण्या ठेवायचं बंधन नाही. आम्हाला वाटलं दादा खूश होईल. तो दुखावला. चाळीस वर्षं रोज रात्री रोजमेळ जुळवल्याशिवाय तो जेवलेला नाही. एकदा सव्वा रुपया जुळेना म्हणून वरण दोनदा गरम झालं होतं. आणि सरकार म्हणतं, राहू द्या, आम्ही अंदाजानं धरतो! सोय त्यानं घेतली, रोजमेळ सोडला नाही. आता तो सरकारसाठी नव्हे, पोट साफ राहावं म्हणून लिहितो.

दुसरी गाठ जीएसटीची. तिथं वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असणाऱ्यांना कंपोझिशन मिळतं. आमच्यासारख्यानं विक्रीवर एक टक्का स्वतःच्या खिशातून भरायचा, तिमाहीला चलन, वर्षाला एक विवरणपत्र, महिन्याची कटकट नाही. त्या बदल्यात खरेदीवर भरलेला कर परत मागायचा नाही, आणि गिऱ्हाइकाकडूनही कर घ्यायचा नाही. शिवाय तसं बिलावर छापायचं. 'कर गोळा करण्यास अपात्र' हे शब्द स्वतःच्या पैशानं हजार प्रतींत छापून घेताना दादाचा चेहरा बघवत नव्हता. पाटीवरही 'कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन' लिहायचं असतं. पेंटरनं 'कंपोझिशन' एवढ्या ठळक अक्षरांत काढलं की, तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि हार्मोनियमची फी विचारू लागले.

हे सगळं आम्ही पचवलं. खरी अट शेवटी निघाली. कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकता येत नाही.

आमच्या दुकानासमोरून सरळ जाणारी वाट ओरछ्याला जाते, म्हणून तर हे ओरछा गेट. सोळा-सतरा किलोमीटर. पण झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात. ओरछ्याच्या वीरसिंह देवानं १६१३ साली आमचा किल्ला बांधला, त्या वेळी त्यानं दगड आंतरराज्य पाठवले की राज्यांतर्गत, हे कुणी विचारलं नाही. आज आम्ही उलट दिशेला एक परात पाठवली तरी कायदा मोडतो. तिकडच्या एका हॉटेलवाल्यानं साठ ताटं आणि मोठ्या पातेल्यांची मागणी दिली होती. टेम्पो दारात उभा होता. दादानं वकीलसाहेबांना फोन केला, ऐकलं, आणि टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग ते पत्त्याचं. वकीलसाहेबांनी सांगितलं, १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता लिहाल तिथं विक्री झाली असं धरतात. पत्ता नसेल तर दुकानदाराच्या ठिकाणी. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ताच. तेव्हापासून दादा गिऱ्हाइकाला 'कहाँ से आए?' असं विचारत नाही. चाळीस वर्षांची सवय गेली. लोकांना वाटतं, याला गर्व झाला.

परवा ओरछ्याची एक म्हातारी आली. नातीच्या लग्नासाठी पितळेची परात घेतली, पैसे पदराच्या गाठीतून मोजून दिले. दादा बिल लिहीत होता तसं तिनं हौसेनं सांगायला सुरुवात केली, "लिख लो भैया, रामराजा के मंदिर के पीछे..."

"नहीं अम्मा," दादा घाईघाईनं म्हणाला, "पता रहने दो."

तिला वाईट वाटलं असावं. ते बघून दादालाही वाटलं. परात जड होती. त्यानं दुकानातल्या पोराला हाक मारली, परात त्याच्या डोक्यावर दिली आणि अम्मांना रिक्षापर्यंत सोडून यायला सांगितलं. पोरगा पायरी उतरला तसा दादा गल्ल्यावरून अर्धा उठला आणि ओरडला,

"गेटापर्यंतच जा रे! पलीकडे एक पाऊल नको!"