शनी न पाहता रात्र कशी काढावी

मोटारीवर चालणारी दुर्बीण घेतलीत, अभिनंदन! पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला 15 विकला पश्चिमेकडे सरकतं. मोटारीने दुर्बीण त्याच गतीने फिरवत राहायची, एवढंच काम. ते बिघडवायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. आपल्या ताडकळस गावात तर निसर्गाचीही साथ आहे.

1. तिवई काळ्या रानात मांडा, तीही पाऊस होऊन गेल्यावर. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पायांखाली फरशीचे तुकडे चुकूनही ठेवू नका. एक पाय हळूच खचेल, शनी चौकटीबाहेर जाईल, आणि तुम्ही मोटारीला दोष द्यायला मोकळे.

2. ध्रुवाशी अक्ष जुळवा. इथून ध्रुव जेमतेम 19 अंश वर, म्हणजे बहुधा लिंबाच्या झाडामागे. जागा बदलू नका. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी वजनाला टेकवा आणि ते दाखवेल ती उत्तर माना. ध्रुव दिसलाच तर थेट त्याच्यावर नेम धरा. खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे, पण कीर्तनात असलं कुणी सांगत नाही. तुम्हीही मनावर घेऊ नका.

3. रिमोटमध्ये माहिती भरा. तारीख आधी महिना, मग दिवस अशी मागतात. आपण आपल्या पद्धतीने भरावी. 5 डिसेंबरचा 12 मे होतो. टाइम झोनमध्ये साडेपाच तासांच्या जागी पाच टाका, नेम साडेसात अंशांनी हुकतो. इथे एक जाणकार कुजबुजेल, की वेळ चुकली तर नेम चुकतो, गती नाही. त्याला चहा आणायला पाठवा.

4. गती निवडा. ताऱ्यांची, सूर्याची, चंद्राची, अशा तीन असतात. आदल्या रात्री चंद्र पाहिला होता ना? तीच राहू द्या. तासाभरात शनी चंद्राच्या रुंदीएवढा सरकेल. घाई असेल तर दक्षिण गोलार्ध निवडा. मोटार उलटी फिरते आणि बंद मोटारीवर दोन मिनिटांत निसटणारा तारा एकाच मिनिटात निसटतो.

5. क्लच ढिला ठेवा. मोटार गुरगुरते, दुर्बीण जागची हलत नाही. आवाज येतोय म्हणजे ट्रॅकिंग चालू, असं पाहुण्यांना ठणकावून सांगा. वायर एखाद्या नॉबला अडकवून ठेवलीत तर आणखी उत्तम.

6. वीज. 12 व्होल्टची बॅटरी वापरा, पण मोटारसायकलची, काढून टाकलेली. मध्यरात्री ती मान टाकेल. नेमकी तेव्हाच थ्री फेज लाइट येते आणि शेजारचा पाण्याची मोटार चालू करायला टॉर्चचा झोत तुमच्या डोळ्यांत मारत जातो. त्याचा राग धरू नका; त्याची मोटार तरी चालते.

7. आता वर्म गियर उघडा. त्याच्या प्रत्येक फेऱ्यात तीच चूक पुन्हा येते, हा त्याचा स्वभाव. तो बदलायला ट्रॅक्टरचं ग्रीस, एक पाना आणि अंधार पुरेसा आहे. उरलेले दोन स्क्रू शर्टाच्या खिशात जपून ठेवा. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मोटारींवर आकाशाचा पाठलाग करतात, पण तिथली माणसं पगारावर आहेत. तुम्ही हौसेने करताय, तुमचा मान मोठा.

8. एव्हाना घरातली पोरं साध्या डोळ्यांनी शनी ओळखून झोपायला गेलेली असतील. सकाळी पारावर कुणी विचारेल, "काय दिसलं मग रात्री?" गंभीरपणे सांगा, "अलाइनमेंट बरीच सुधारली."

शेवटची सूचना: एखाद्या रात्री सगळं चुकून जुळलं आणि शनी मधोमध स्थिर उभा राहिला, तर घाबरून जाऊ नका. ताबडतोब नवं सॉफ्टवेअर टाका.